गुलाबरावांचा गाण्याचा शौक

गुलाबरावांनी हेडफोनच्या दोन्ही गुंड्या कानांत नीट बसवल्या, वायर सदऱ्याच्या आतून खाली घेतली आणि तिचं टोक खिशात तंबाखूच्या डबीशेजारी सोडून दिलं. मग आरशात पाहिलं. वायर दिसत होती, पण पुरेशी नव्हती. बोटानं ओढून त्यांनी ती गळ्यापाशी आणखी थोडी बाहेर काढली, पिशवी उचलली आणि सायकल घेऊन क्वार्टरच्या फाटकाबाहेर पडले.

फोन मागे खोलीत चार्जिंगला लावलेला होता. तो रोज तिथंच असायचा.

म्हणजे गाणं नाही, बातम्या नाहीत, भजन-कीर्तनही नाही. नात समृद्धी रायपूरला कॉलेजात गेली तेव्हा बंद पडलेला हा हेडफोन कचऱ्याच्या डब्यात टाकून गेली होती. गुलाबरावांनी तो गुपचूप उचलला, पुसला, आणि त्या दिवसापासून त्यांची मोठी काळजी मिटली. त्याआधी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, कुजबुज सुरू झाली होती, की गुलाबराव हाक मारली तरी वळून पाहत नाहीत. आता लोक म्हणत, म्हातारा रंगेल आहे, सकाळी सकाळी गाणी ऐकत फिरतो. म्हणेनात बापडे! बहिरा आहे असं तर कुणी म्हणत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तसे ते ठार बहिरे नव्हते. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं कुणी बोललं तर त्यांना बहुतेक सगळं कळायचं. पाठीमागचं जग तेवढं गेलं होतं. सारी नोकरी त्याच कारखान्याच्या मिलमध्ये काढलेली. लालभडक लोखंड रुळांवरून धडाधडा धावायचं तिथं, शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी त्याचे ओठच पाहावे लागत. कानात घालायला बोळे मिळत. गुलाबराव आणि त्यांचे सोबती ते खिशात ठेवत. आपण काय नवी नवरी आहोत का कानात कापूस घालून बसायला! कानांची तपासणी आली की तपासणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं आणि अंदाजानं हात वर करायचा, हे जुने लोक नव्यांना शिकवत. कारण कान गेले म्हटलं की मिलमधून काढून स्टोअरच्या खुर्चीवर बसवणार, आणि मिलवाल्याला खुर्चीवर बसणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. जेव्हा घालायला हवं होतं तेव्हा या गृहस्थांनी कानात काही घातलं नाही, आणि आता नको तेव्हा घालून हिंडतात. काय म्हणावं अशा माणसाला!

पण त्यांची बाजूही ऐकायला हवी. दोन घरं सोडून कमलेश नावाच्या शेजाऱ्याचे वडील राहत. त्यांचे कान गेल्याचं कळलं तशी मुलांनी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं, आणि त्याच आठवड्यात सायकल भंगारवाल्याला दिली. आता ते फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघून हसत. गुलाबरावांना ते हसू पाहवत नसे. रोज सकाळी सेक्टर दोनच्या झाडांखालून निघायचं, अंडरब्रिजखालून पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात जायचं, भाजी घ्यायची, मग कॅम्प एक वस्तीच्या तोंडाशी जुने सोबती मारोतराव यांच्यासोबत चहा प्यायचा. निवृत्तीनंतर त्यांचं असं तेवढंच उरलं होतं. ती सायकल गेली असती तर ते खरंच खचले असते.

त्या दिवशी भाजीवालीनं त्यांच्या कानांकडे बोट दाखवून विचारलं,

"का सुनत हव कका?"

"पुराने गाने, बाई. एकदम पुराने."

ती हसली आणि लाल भाजीची एक जुडी जास्त टाकली. गुलाबराव खुशीत निघाले. अंडरब्रिजच्या बाहेर उजवीकडे वळताना त्यांनी हात दाखवला, पण मागे बघायचं राहून गेलं. मागून ई-रिक्शा येत होती. रिक्शावाल्यानं हॉर्न वाजवला असणार, ओरडलाही असणार. गुलाबरावांना कळलं ते एकदम सायकलच्या खालीच. कोपर सोलवटलं होतं, आणि रिक्शा टमाट्याच्या ठेल्यात घुसली होती.

लोक धावले. गुलाबरावांना उठवून बसवलं, पाणी दिलं आणि मग सगळे मिळून तुटून पडले. एक तरुण सगळ्यांत पुढे होता. त्याच्या स्वतःच्या गळ्यात हेडफोन लोंबत होता, पण उपदेश करायला तोच.

"बाबा, ये उमर है क्या कान में ठूँस के चलने की? इतना हॉर्न मारा उसने!"

गुलाबराव एकेकाच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिले. कोपराची आग होत होती, टमाटेवाल्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तरी आत कुठेतरी त्यांना हायसं वाटत होतं. सगळे हेडफोनला शिव्या देत होते, कानांचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

घरी पोहोचवायला तोच तरुण आला, आणि त्यानं सगळी हकीकत सुशीलला दारातच सांगितली. सुशील त्यांचा मुलगा. त्याच प्लांटमध्ये क्लार्क होता आणि दुपारची सेकंड शिफ्ट असल्यानं अजून घरीच होता. तो बापाच्या समोर येऊन उभा राहिला. रागावलेला माणूस नेहमी समोर येऊन बोलतो, त्यामुळे गुलाबरावांना शब्दन् शब्द कळला.

"बाबा, कितींदा सांगतलं तुमाले! कानात घालून रोडवर जात जाऊ नोका. आज ई-रिक्शा होती, कल को ट्रक होगा. मंग आमी काय करावं?"

"अरे, जरासं खरचटलं..."

"जरासं नाई बाबा. मले ड्युटीवर धड लक्ष लागत नाई तुमच्यापाई." सुशीलचा आवाज चिरकला असावा, कारण तो मधेच थांबला आणि त्यानं तोंड पुसलं. "आता एकच. हेडफोन बंद, नाई तं सायकल बंद. काय ते ठरवा. आणा तो हेडफोन इकडे."

गुलाबरावांचा हात खिशावर गेला. तो ओढला तर टोक मोकळं निघणार. मोकळं टोक सुशीलच्या हातात पडलं की त्याला सगळं उमगायला कितीसा वेळ! आणि समजा दिला, तरी उद्यापासून कान उघडे ठेवून फिरायचं, कुणी हाक मारणार, आपण वळणार नाही, आणि दोन-चार दिवसांत बिंग फुटणार. इकडे आड तिकडे विहीर अशी त्यांची गत झाली.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई कोमट पाण्याचा गंज घेऊन समोर आल्या.

"अवो, पहिले तो सदरा काढा. रगत लागलं सारं."

बाईंनी स्वतःच नवऱ्याचा सदरा काढला, तो हातात गोळा केला, आणि सुशीलकडे पाठ करून खिशात हात घातला. वायर बाहेर निघाली तेव्हा तिची गुंडाळी झालेली होती, मोकळं टोक कुठं दिसत नव्हतं.

"घे. ठेव तुह्याजवळ. फोन म्या काढून ठेवला आत."

गुलाबराव बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले. फोन? फोन खिशात नव्हताच. सकाळपासून तो खोलीत पडला होता. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या खाली बसल्या, कोपरावरची माती धुतली, हळद लावली आणि गंज घेऊन आत गेल्या.

सुशील गेला. दिवसभर गुलाबराव अस्वस्थ होते. हिला टोक दिसलं का? दिसलं तर बोलत का नाही? की गडबडीत तिनंच काही समजून घेतलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं त्यांचं. विचारावं म्हणून दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले.

दुसऱ्या सकाळी ते सायकलजवळ गेले नाहीत. चहा घेऊन ओसरीवर बसले. चहा निवला, त्यावर साय धरली. पलीकडे कमलेशच्या वडिलांनी खुर्ची टाकली होती. त्यांनी इकडे बघून हात केला. गुलाबरावांनी पण केला. असाच हात करत आता बसायचं, आयुष्यभर. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी थंड चहा घटाघटा पिऊन टाकला.

अन्नपूर्णाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. धुतलेली साडी, हातात पिशवी, केसांना तेल.

"उठा. चला."

"कुठी?"

"पावर हाउसले. तुमी रोज जून भेंडी आणता. आज माह्या डोळ्यानं पाहून घेतो."

"तू कशी येशील?"

"कशी म्हंजे? मागं कॅरियर कायले हाय?"

"अवं, या वयात? लोकं हासतील."

"हासू द्या. मी काई सिमेंटचं पोतं नाई."

गुलाबरावांनी सायकल काढली. बाई मागे बसल्या तशी सायकल डगमगली, मग चाल धरून सरळ झाली. सकाळची वर्दळ अजून कमी होती. थोडं पुढे गेल्यावर त्यांना पाठीवर डावीकडे बोटं टेकल्यासारखी वाटली. सांभाळून बसत असेल, म्हणून ते सहज डावीकडे सरकले. उजवीकडून शाळेची बस निघून गेली.

आणखी थोडं पुढे पुन्हा बोटं टेकली. ते डावीकडे झाले. मोटरसायकल गेली.

चौकात वळायच्या आधी तिनं त्यांचा सदरा मागून मुठीत धरला. त्यांनी ब्रेक दाबला. समोरून नाही, मागून, एकामागोमाग दोन ऑटो गेले. मग मूठ सुटली आणि पाठीवर एक थाप पडली. ते वळले.

आता गुलाबरावांच्या लक्षात आलं. अंडरब्रिजच्या उतारावर ते मुद्दाम उतरले, तिलाही उतरवलं, आणि सायकल भिंतीला टेकवून तिच्यासमोर उभे राहिले.

"कधीपासून मालूम हाय तुले?"

"कायचं?"

"नाटक नोको करू."

अन्नपूर्णाबाईंनी पदर नीट केला. "तुमी रिटायर व्हायच्या आंधीपासून."

 बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारल्याचं गुलाबरावांना आठवेना. कितीतरी वर्षांत तिनं आतून कधी हाक मारलीच नव्हती. पोळपाटावरची पोळी सोडून, पिठाचे हात घेऊन ती दरवेळी समोर यायची, मग बोलायची. चहा ठेवू का एवढं विचारायलासुद्धा. त्यांना वाटायचं, बाईला काम अर्धवट टाकून फिरायची खोडच आहे. त्यावरून ते तिला बोलले पण होते, चारचौघांत.

"मंग बोलली कावून नाई?" त्यांनी विचारलं.

"बोलली असती तं तुमी लाजेनं सायकल सोडली असती. आन् दिवसभर घरात बसून माह्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्या."

"आन् हेडफोन?"

"तो पाहून तं मले लय हासू आलं बाप्पा. पण बायकाईले सांगतलं मी, आमच्या यांले गाण्याचा भारी शौक हाय म्हणून." ती हसली, मग त्यांच्या सोलवटलेल्या कोपराकडे पाहत म्हणाली, "काल मात्र भेव वाटलं. तुमी दारात आले तवा रगतच दिसलं मले पहिले."

 गुलाबरावांनी तिची पिशवी घेऊन हँडलला अडकवली. सुशीलला सांगावं लागेल, मशीनचं बघावं लागेल, हे दोघांनाही कळत होतं, पण ते घरी गेल्यावरचं. उतार संपेपर्यंत दोघं सायकल धरून चालत गेले.

बाजार झाला. भेंडी तिनं एकेक मोडून पाहून घेतली. परत निघताना ती म्हणाली, कॅम्पवरून चला, तुमचा चहा राहिला हाय. पुन्हा ती मागे बसली. आता सायकल डगमगली नाही. बोटं टेकली की ते सरकत, मूठ आवळली की थांबत. भरलेला ट्रक शेजारून गेला तरी त्यांच्या छातीत धडधडलं नाही.

कॅम्प एकच्या तोंडाशी तिनं एक नवीनच काहीतरी केलं. त्यांचा उजवा खांदा पकडून तो हळूच वळवला. गुलाबरावांनी उजवीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे टपरीच्या बाकावरून मारोतराव उठून उभे राहिले होते. हात वर होता आणि तोंड हाकेसाठी उघडलेलं. ते रोज असे उभे राहून हाक मारत असतील, हे गुलाबरावांच्या तेव्हा लक्षात आलं.

"राम राम, मारोतराव!" ते भर रस्त्यात ओरडले.

मारोतरावांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग ते दोन्ही हात हलवत काहीतरी मोठ्यानं बोलू लागले, इतक्या मोठ्यानं की टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. गुलाबरावांना त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. त्यांनी हसून मान डोलावली. मागे बायको हसत होती, तिचा खांद्यावरचा हात हलत होता.