टवटवीत

शेवटचं पान मातीवर पालथं पडलं होतं—परवापर्यंत त्यावर गुलाबी शिरा होत्या, आता नुसता भिजलेला कागद—आणि ते उचलून लेंग्याच्या खिशात घालताना त्याला पुरावा दडवल्यासारखं वाटलं. वजनकाट्यांचा तपासनीस म्हणून सारी हयात नोकरीत गेली. पुरावा दडवणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. तेही असेच, आभाळाकडे बघत उभे राहायचे.

झाडाच्या सावलीतले नेचे होते तसे होते, हिरवेगार, निर्लज्ज. मधला रंगीत पानांच्या कॅलेडियमचा पट्टा मात्र साफ. ऑपरेशनला जाताना बायको एवढंच म्हणाली होती, "माझ्या झाडांकडे बघा." त्यानं बघितलं. पहिलं पान पिवळं पडलं तेव्हा पाणी वाढवलं, दुसरं पडलं तेव्हा आणखी... मग सकाळ-संध्याकाळ, मग भर दुपारीही. भीती मापायला त्याच्याकडे बादलीखेरीज दुसरं माप नव्हतं. फोनवर ती आधी झाडांचं विचारायची. "टवटवीत," तो सांगायचा. आणि तुझी तब्येत? "टवटवीत," ती सांगायची.

त्या पानांची आणि तिची त्याच्या मनात कधी गाठ बसली, कळलं नाही. शहाण्या माणसाला न शोभणारी गोष्ट. पण पान गळलं, की फोन वाजेपर्यंत त्याला घास उतरत नसे.

फाटक करकरलं. मुलीचा हात धरून ती आली—वाळली होती—आणि घरात न जाता सरळ झाडाखाली. त्याचा हात खिशात.

"बाबा! सगळी मारलीत?" मुलगी ओरडली.

"कंद झोपलेत गं. दरवर्षी या दिवसांत झोपतात." बायको म्हणाली. मग तिची चप्पल चिखलात रुतली. "अहो, पाणी किती हे! पोहायला शिकवताय का त्यांना?"

दरवर्षी! इतकी वर्षं तो याच वाटेनं कामावर गेला, परत आला. दुकानदाराच्या काट्यातली रतीभर खोट त्याला लांबून दिसायची, आणि दाराशी अख्खा पट्टा नाहीसा व्हायचा, पुन्हा उगवायचा...

"मला वाकता येत नाही," ती म्हणाली. "बोट घालून बघा. कंद मऊ लागला तर कुजला."

तो गुडघ्यांवर बसला. गार चिखल, मुळं, आणखी चिखल... आणि मग बोटाला काहीतरी अडलं. गोल. दाबलं, तरी दबेना.

"टणक आहे!" इतक्या मोठ्यानं, की मुलगी हसली.

"बाकीचे?" त्यानं विचारलं.

"ते फुटतील तेव्हा कळेल. आता पाणी बंद. जमेल?"

"आणि तुझं? डॉक्टर खरं काय म्हणाले?"

त्याच्या खिशावर पसरलेल्या ओल्या डागाकडे तिनं सावकाश बघितलं.

"टवटवीत," ती म्हणाली.

त्याच्यातल्या तपासनिसानं तोंड उघडलं... आणि मिटलं. छातीत कितीतरी दिवस आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं होतं, ते पुन्हा आवळायची त्याला मुळीच घाई नव्हती. बोट अजून मातीतच होतं. राहू दे, त्याला वाटलं, थोडा वेळ.