सरोवरावरचा न हलणारा ढग

बारा वाजता शहराच्या पाण्याचा पंप आठवड्यानं पुन्हा सुरू होणार होता आणि पावणेबाराला बारकीला आपली चूक दिसली.

बारकी ती घरात. कचेरीत मात्र उपग्रहाची छायाचित्रं वाचून त्या अवाढव्य सरोवराचं पाणी शहराला पिण्याजोगं आहे की नाही, हे सांगणारी तज्ज्ञ! एकटीच्या सहीचा पहिला अहवाल तिनं आजच सकाळी ऐटीत पाठवला होता: विषारी शेवाळ कुठेही नाही. पंपघरासमोर तेवढा एक पांढरा डाग होता. ढग आला की संगणक तो भाग गाळून टाकतो, त्यात नवल ते काय? मग चहा पिता पिता तिनं सहज कालचं छायाचित्र उघडलं, परवाचंही उघडलं. डाग तिथेच. ढगाला काय कुणी खुंटीला बांधून ठेवतं?

तिनं पंपघरात फोन लावला. पंपावर तिचा थोरला भाऊ होता.

"दादा, तिकडे आभाळ आलंय का रे?"

"कसलं आभाळ! चार दिवस ढगाचा पत्ता नाही. उन्हानं डोकं उठलंय नुसतं."

शेवाळाची साय फार दाट झाली, तर संगणक तिलाही ढग समजून बसतो, हे ती परीक्षेत लिहून पास झाली होती. जिथं विष सगळ्यात जास्त, नेमकं तेवढंच पुसलं गेलं होतं, आणि खाली सही तिची.

"दादा, पंप लावू नकोस!"

"बारके, मला लेखी लागतं. नाहीतर साहेब माझी सालं काढतील. आठ मिनिटं राहिलीत."

लेखी द्यायचं म्हणजे आपल्याच हातानं आपलं नाक कापायचं. नोकरी राहते की जाते, देव जाणे. तिला रडू येत होतं, लाजही वाटत होती. तरी तिनं लिहिलं: 'माझा अहवाल चुकला आहे. पाणी घेऊ नका.' आणि पाठवून दिलं.

"मिळालं. नाही लावत," दादा म्हणाला. मग ओशाळून हसला.

"दादा? काय झालं?"

"अगं, परवापासून खिडकीतून पाणी हिरवंगार दिसतंय. पण तुझा अहवाल आला, स्वच्छ आहे म्हणून. म्हटलं, आपली बारकी इतक्या वरून बघते, तिला नीट दिसत असणार. माझेच डोळे गेले असतील."