चिंचेखालची खुर्ची

धनेशने चांदणी घोडीचा तंग आवळला, खोगीर दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि मुलांच्या रांगेकडे वळला. रांगेत मनस्वी सगळ्यांत पुढे होती. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला, डावा पाय रिकिबीत टाकायच्या तयारीत. धनेशने तिच्या मागच्या मुलाला खूण केली.

"साहिल, तू ये."

"सर, माझा नंबर आहे," मनस्वी म्हणाली.

"तू मोतीवर बस. मोती शांत आहे."

मनस्वी रांगेतून बाजूला झाली आणि मुकाट्याने मोतीकडे गेली. मोती इतका शांत होता की त्याच्यावर बसलं काय आणि ओट्यावर बसलं काय, फरक पडत नसे. धनेशला हे ठाऊक होतं. साहिलला वर चढवताना त्याने मान वळवून मनस्वीकडे पाहिलं, पण ती बघतेय असं वाटताच नजर काढून घेतली. चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या मैनाबाईंनी, म्हणजे मनस्वीच्या आजीने, ते सगळं पाहिलं आणि पदराने वारा घेत राहिल्या.

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की वस्ती संपता संपता धनेशचं शेत लागायचं. भात निघून गेल्यावर उन्हाळाभर ते रिकामंच. कडेला तबेला, तबेल्याला लागून त्याचं दोन खोल्यांचं घर. चार घोड्यांवर त्याचा संसार चाले. संध्याकाळी वराती आणि यंदापासून सकाळी मुलांचा हा कॅम्प. चांदणीच्या आयाळीत आदल्या रात्रीची चमकी तशीच राहिलेली असायची आणि मुलं ती बोटांनी वेचून आपापल्या गालांना लावायची. ऊन तापायच्या आत सगळं आटपावं लागे. धाटावच्या कंपन्यांच्या बस पहिली शिफ्ट घेऊन जायच्या त्या सुमाराला मुलं यायची आणि डोक्यावर ऊन यायच्या आत घरी जायची.

पंचक्रोशीतल्या निम्म्या नवरदेवांना घोडीवर बसवणारा हा माणूस स्वतः मात्र चाळिशी उलटली तरी बिनलग्नाचा होता. घोडेवाल्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि नंतर नंतर त्यानेही विचारणं सोडून दिलं होतं. मग मागच्या वर्षी एका लग्नात नवरदेव घोडीवर चढायला घाबरला. घोडी चावेल का, असं त्याने धनेशला अगदी गंभीरपणे विचारलं, तेव्हा बाजूला उभी असलेली एक बाई तोंडाला रुमाल लावून हसत सुटली. ती नूतन. धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. नवरा, रितेश, काविळीने गेला तेव्हा मनस्वी कडेवरची होती.

नूतनला धनेश आवडला होता आणि हे तिने आडवळणं न घेता सांगितलंही होतं. पण अट घातली होती. मनस्वीला आधी काही सांगायचं नाही. कॅम्पला येऊ दे, नुसते घोडेवाले सर म्हणून तुम्ही तिला कसे वाटता ते बघू. शेवटच्या दिवशी मी सुट्टी काढून येते, दोघं मिळून तिला सांगू. ती नाही म्हणाली तर नाही.

"आणि तिला वेगळं काही वागवायचं नाही," नूतन म्हणाली होती. "पोरगी हुशार आहे. चटकन ओळखेल."

झालं. धनेशने ते शब्द इतके मनावर घेतले की पोरीशी बोलायचीच त्याला धास्ती वाटू लागली. इतर मुलांना तो काखेत हात घालून वर चढवायचा, पाठीत थाप मारायचा, चुकलं की खेकसायचा. मनस्वीशी बोलताना मात्र त्याचा आवाज बँकेतल्या माणसासारखा व्हायचा. ती चुकली तरी तो म्हणायचा, "ठीक आहे, छान." तिला पडू द्यायचं नाही म्हणून रोज मोती. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आज आपण तिला किती वेळा छान म्हणालो, हे आठवून बिचारा समाधानाने झोपायचा.

कॅम्प संपायला दोन दिवस राहिले तेव्हा नूतनचा फोन आला.

"मनस्वी उद्या यायचं नाही म्हणते."

"का?"

"म्हणते, सरांना मी आवडत नाही. बाकीच्यांना शिकवतात, मला नुसतं मोतीवर ठेवून देतात."

धनेश तबेल्याच्या उंबऱ्यावर बसला.

"मी तर तिला कधी मोठ्याने बोललोसुद्धा नाही," तो म्हणाला.

"तेच तर म्हणतेय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपन्यांच्या शेवटच्या बस पुलावरून गेल्या, मुलं जमली, हेल्मेटं वाटून झाली, तरी मनस्वी दिसेना. धनेश एका मुलीच्या पायात दुसऱ्याच मुलाचा बूट घालत होता. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर मैनाबाई दिसल्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात मनस्वीचं मनगट. शेतात येताच त्यांनी मनगट सोडलं आणि पोरीला घोड्यांकडे पिटाळलं. मग खुर्चीत बसल्या आणि धनेशला हाताने बोलावून घेतलं.

"घोडेवाले, जरा ऐका."

तो जवळ गेला. म्हातारी पेणच्या खाडीकडची. आयुष्य मिठागरात गेलं होतं आणि तळपायांना अजून तिथल्या भेगा होत्या. इतक्या दिवसांत धनेशने तिला पाणी हवं का, यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

"पोरीला पडायचं भ्या नाय," मैनाबाई म्हणाल्या. "तुमी तिच्याकडं बघत नाय, त्याचं तिला लागलंय."

"तसं नाही, आजी. सगळी मुलं मला सारखीच."

"सारखी आसती तर तिच्यावर पन वराडला आसता."

धनेशने उगाच हातातल्या लगामाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"तुमचं न् नूतनचं मला म्हायती हाय," मैनाबाई म्हणाल्या.

धनेशने चटकन मागे वळून पाहिलं. शेताच्या मध्यावर मुलं घोड्यांभोवती कालवा करत होती.

"त्यांनी सांगितलं?"

"ती कशाला सांगते. कॅम्पाची चवकशी करायला ती तीन येळा आली. शाळेची चवकशी करायला येकदाच गेली व्हती." म्हातारी किंचित हसली. "मंग मी मनाशी म्हनलं, आपन पन जाऊन बघावं. म्हनून रोज येऊन बसते. नायतर पोरीला रिक्षात घालून दिली आसती की."

म्हणजे इतके दिवस ही बाई इथे बसून आपल्याला बघत होती. धनेशच्या कानशिलांना एकदम ऊन लागल्यासारखं झालं. चुलीवरचं दूध उतू गेलेलं, घोड्याला दिलेली शिवी, सदऱ्याचं तुटलेलं बटण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मानूस बरा हाव तुमी," मैनाबाई म्हणाल्या. "जनावराला मारत नाय. पोरगी राहील तुमच्याकडं, तिची काळजी करू नका. पोरांना घोडं मिळालं की झालं."

"आणि तुम्ही?" हे त्याने विचारलं ते खरं म्हणजे तुम्हाला चालेल का, अशा अर्थाने.

मैनाबाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यायल्या नाहीत, झाकण पुन्हा लावलं.

"मी भावाकडं जाते गावाला. जनूदादाला सांगून ठिवलंय. त्याची सून चांगली हाय. रितेश गेला तवा हितं आले, पोरीला सांभाळायला कोन नव्हतं म्हनून. नूतनला मीच म्हनलं व्हतं, माहेरी जाऊन रडू नको, नोकरीला जा, घर मी बघते. आता घर बघायला तुमी हाव." त्या थांबल्या. "सुनेच्या नव्या घरात जुनी सासू कुठं बसवनार? लोक हसतील. फकस्त येक करा. पोरीला म्हना, आजी आपल्या मर्जीनं गेली."

हे त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा. धनेशला हवा होता तो होकार मिळाला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला नाही. तो वळला आणि मुलांकडे गेला.

त्या दिवशी त्याने मनस्वीला चांदणीवर बसवलं. पहिल्या फेरीतच तिचा लगाम सैल पडला, चांदणी मान खाली घालून बांधावरचं गवत खायला लागली आणि मनस्वी पुढे घसरून तिच्या मानेला चिकटली.

"मनस्वी," धनेश कडाडला. "लगाम धरलायस की भाजीची पिशवी? पाठ सरळ कर. तिला कळायला नको का, कोण बसलंय ते?"

मनस्वी चपापली. मग तिने पाठ ताठ केली, लगाम आखूड धरला आणि टाचा मारल्या. चांदणीने नाइलाजाने मान वर केली आणि चालू लागली. फेरी संपल्यावर पोरगी उतरली ती तडक चिंचेकडे पळत सुटली.

"आजी, सर मला ओरडले," ती धापा टाकत म्हणाली. "साहिलपेक्षा जोरात."

"आयकलं गो," मैनाबाई म्हणाल्या आणि तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडू लागल्या. घामाने त्याचा वळ उठला होता. त्या वळावर म्हातारीने पदर ओला करून ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला. मनस्वी तेवढ्या वेळात सगळी फेरी पहिल्यापासून सांगत होती. सांगताना ती आजीच्या गुडघ्यावर बसली होती, पाय जमिनीला टेकत होते तरी.

धनेश घोड्यांना पाणी दाखवत होता. इतके दिवस त्याने पोरगी आपल्याकडे बघते की नाही याचीच काळजी केली होती. प्रत्येक फेरीनंतर ती कुणाकडे पळते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री त्याला वरात होती. नवरदेवाच्या मामाने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. घरी आल्यावर त्याने चांदणीला बांधलं आणि घराची आतली खोली उघडली. तिथे जुनी खोगिरं, फाटक्या झुली, वरातीच्या छत्र्या असं सगळं भरलं होतं. तो दारात उभा राहून बराच वेळ ते सामान बघत होता.

शेवटच्या दिवशी मुलांचे आईवडील बघायला येणार होते. धनेश पहाटेच उठून कामाला लागला होता, त्यामुळे खोगिरांचा ढीग अंगणात आला होता आणि येणारा जाणारा त्याला अडखळत होता. मैनाबाई मनस्वीला घेऊन आल्या. खुर्ची जागेवर होती. त्या बसायच्या आत धनेश त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. अंगभर धूळ, केसांत कोळ्याचं जाळं. त्याने आधी हात झाडले, मग पुसले, मग चिंचेच्या बुंध्याकडे बघत बोलायला सुरुवात केली. मैनाबाई ऐकत राहिल्या. मध्येच त्यांनी त्याला थांबवून काहीतरी विचारलं, त्याने घराच्या मागच्या बाजूला हात केला. मनस्वी तोवर मोतीला गूळ भरवण्यात दंग होती.

नूतन आली तेव्हा मुलांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. तिने निळी साडी नेसली होती आणि ती तिला फार शोभत होती. धनेशच्या ते लक्षात आलं आणि सांगायचं राहून गेलं. ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. मनस्वी चांदणीवरून हात न हलवता, फक्त भुवया उंचावून तिच्याकडे बघून हसली आणि पुढे गेली.

"छान बसते की," नूतन म्हणाली. "आता हे झालं की सांगू या का तिला? मी वाटेत सगळं ठरवून आलेय, कसं बोलायचं ते."

"जरा थांबू या."

नूतनने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "का? ती काही म्हणाली?"

"ती नाही. मी सकाळी तुझ्या सासूबाईंना विचारलं."

"आईंना? त्यांना माहीत आहे?"

"सुरुवातीपासून. गावाला भावाकडे जायची तयारीही करून ठेवलीय त्यांनी."

नूतनने कुंपणाचा बांबू घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. रितेश गेल्यापासून प्रत्येक शिफ्टहून ती घरी आली, तेव्हा दार उघडायला कोण होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"काय विचारलंत?" शेवटी ती म्हणाली.

"इथे आमच्याकडे राहायला याल का म्हणून. लोक हसले तर हसू देत. आतली खोली सकाळीच मोकळी केलीय."

"मग?"

धनेशने चिंचेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मैनाबाई घराच्या मागे गेल्या होत्या. त्यांनी नळ सोडून पाणी किती येतं ते बघितलं आणि बंद केला. मग आतल्या खोलीची खिडकी ढकलून पाहिली, कडी हलवून पाहिली, आणि पदर खोचून उंबरा ओलांडून आत शिरल्या.

"बघून कळवते म्हणाल्या," धनेश म्हणाला.