सगळ्यांना रविवार

मधुसूदनने पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि समोरचा कागद टेबलावरून परत सरकवला.

"मी यावर सही करणार नाही."

नंदकिशोर कारखानीस हसले. मुंबईच्या हेड ऑफिसात सगळ्या कारखान्यांच्या नोकरवर्गासाठी 'ग्रुप पर्सोनेल' नावाचं नवं खातं निघालं होतं आणि ते त्या खात्याचे साहेब होते. या एका सहीसाठी ते सकाळी गाडी काढून पिंपरीच्या कारखान्यात आले होते. दुपारचं जेवून परतायचा त्यांचा बेत होता.

"का? इंग्रजी अवघड आहे का?"

कंपनी विलायतेची. पिंपरीत ती पंप करी, ठाण्याला रंग, मुंबईत औषधं, आणि आसामात चहाही पिकवी. असाच पसारा आणखी कितीतरी देशांत. इतकी वर्षं जो तो कारखाना आपापली माणसं सांभाळत आला होता. तेच एकाएकी लंडनला खुपायला लागलं. हुकूम सुटला, की सगळीकडे एकच पगारश्रेणी, एकच नियमावली, आणि हिंदुस्थानात आठवड्याची सुट्टी सगळ्यांना रविवारी. मळ्यात पानं खुडणारी बाई आणि भट्टीवरचा गडी, दोघांना एकाच मापाचा सदरा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात सुट्टी असे गुरुवारी. वीज पुरत नाही म्हणून तो वार लावून दिलेला. त्या दिवशी यंत्रांना वीजच नाही. माणसांनी मग सगळा संसार गुरुवारावर बसवला होता. न्हाव्याकडे रांग गुरुवारी, मुली बघायचे कार्यक्रम गुरुवारी, भावाभावांची भांडणंसुद्धा गुरुवारपर्यंत तुंबवून ठेवलेली.

मुंबईने यावर तोड काढली होती: गुरुवारी जनरेटर चालवायचा. जनरेटर आलाही. त्यावर मशीनशॉप चाललं असतं, ऑफिसातले पंखे फिरले असते, पण फाउंड्रीतली लोखंड वितळवणारी विजेची भट्टी त्याला झेपणार नव्हती. म्हणजे गुरुवारी भट्टी बंद आणि रविवारी तर सगळंच बंद. फाउंड्रीतल्या कायम कामगारांना गुरुवारी झाडलोट तरी देता आली असती. टेंपररी माणसांना मात्र गेटवरूनच माघारी धाडायचं, बिनपगारी. मधुसूदन इथला पर्सोनेल ऑफिसर. त्याने हे मुंबईला परोपरीने कळवलं होतं. त्याचं उत्तर म्हणजे हा कागद. कामगारांशी विचारविनिमय झाला असून त्यांची हरकत नाही, असं त्यात छापलं होतं आणि खाली त्याच्या सहीची जागा सोडली होती.

"विचारविनिमय झालेला नाही," मधुसूदन म्हणाला.

"मग करू की. बोलवा तुमच्या पुढाऱ्याला. पाच मिनिटांचं काम."

हिंदुराव आला. फाउंड्रीत वाळूचे साचे भरणारा मोल्डर, युनियनचा सेक्रेटरी, कोपरापर्यंत काळी वाळू माखलेला. कुणी बस म्हणायची वाट न पाहता तो साहेबांसमोरच्या खुर्चीत बसला.

"हिंदुराव, रविवारी सुट्टी मिळाली तर पोरंबाळं घरी भेटतील. आवडेल ना?"

"व्हय साहेब. बेस्तरवारी घरी ऱ्हावं तर पोरं साळंत. मला बी आईतवारच पायजे."

"मग प्रश्नच मिटला!"

"कसा मिटला? भीमराज माझ्या शेजारी मोल्ड भरतो. दोन वर्सं झाली, अजून टेंपररीच हाय. त्येच्या पगारातला दिवस कापून मला आईतवार देणार, आन् मी तो पोरांना घिऊन मिरवू? न्हाई जमायचं."

"हे बघा, दहा-वीस माणसांसाठी एवढी मोठी कंपनी—"

"साहेब, इचाराया आलाय का सांगाया आलाय, तेवढं बोला. सांगाया आला असाल तर माझी भट्टी खोळंबलीय."

आणि तो उठून गेलासुद्धा. खुर्चीवर काळी वाळू राहिली. नंदकिशोरांनी ती पाहिली, मग आवाज खाली आणला.

"मधुसूदन, तुमच्या मिसेस शाळेत शिकवतात ना? त्यांना रविवारी सुट्टी असते."

हा वार वर्मी बसला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. वासंती रविवारी घरी, हा गुरुवारी. सणवार आणि शाळेच्या मोठ्या सुट्ट्या सोडल्या तर दोघांना एक अख्खी दुपार मिळाली नव्हती. रविवारची कुणकुण लागल्यापासून संत तुकाराम नगरच्या त्या दोन खोल्यांत रोज बेत शिजत होते: कार्ल्याची लेणी बघायची, पुण्याला नाटक बघायचं, काहीच नाही तर दुपारी दार लावून झोपायचं. सुंठीवाचून खोकला जाणार होता. एक सही करायची, बस.

"आणि आता ग्रुपमध्ये बदली कुठेही होते बरं का," नंदकिशोर म्हणाले. "आसामातसुद्धा."

मधुसूदनने पेन पुन्हा काढलं. नंदकिशोरांचा चेहरा खुलला. त्याने मात्र 'हरकत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द खोडले, वर मराठीत 'सक्त हरकत आहे' असं ठळक लिहिलं आणि खाली लांबलचक सही ठोकली.

"आता विचारविनिमय झालाय," तो म्हणाला. "पाठवा आसामला. तिथे वीज कुठल्या वारी जाते, तेवढं आधी विचारून ठेवा."

नंदकिशोर न जेवताच गेले.

संध्याकाळी मधुसूदन घरी आला तो गड जिंकल्यासारखा. वासंती घेवडा निवडत बसली होती. त्याने बूट न काढताच सगळं सांगितलं, हिंदुरावाच्या आवाजात हिंदुराव आणि साहेबांच्या आवाजात साहेब. आसामचं ऐकून ती खळखळून हसली.

"बरं केलंत. कुणाच्या पोटावर पाय देऊन मिळणारा रविवार मलाही नको होता."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो बूट सोडायला वाकला.

"ते भट्टीचं तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"जनरेटर आला तेव्हाच. महिना झाला असेल."

"म्हणजे मी रोज बेत सांगत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

त्याने एक बूट काढून हातात घेतला. तिने एक शेंग मोडली, शीर ओढून काढली.

"तुम्हाला नाही म्हणायचं होतं, तर मीही नाहीच म्हणाले असते. पण इथे बसून, तुमच्याबरोबर म्हणाले असते. मला तुम्ही नुसतं येऊन सांगितलंत."

बाहेर कारखान्याची बस गेली आणि रस्ता शांत झाला. तिने निवडलेला घेवडा एकीकडे केला.

"येत्या रविवारी मी कार्ल्याला जाणार आहे. सकाळच्या गाडीनं."

"एकटी?"

"शाळेतल्या चतुराबाई आल्या तर त्यांना घेऊन. नाही आल्या तर एकटी."

"मी रजा टाकतो."

"कशाला? आठ वर्षं रविवारी मी तुमची वाट बघत घरी बसले, ते काही कुणाचा हुकूम होता म्हणून नाही."

ऑफिसात साहेबाचं तोंड बंद करणारा माणूस हातात एक बूट धरून तसाच बसून राहिला. वासंती घेवड्याचं ताट घेऊन उठली.

"यायला उशीर होईल मला," आतून ती म्हणाली. "किल्ली शेजारी ठेवून जाईन."