नेहालेनियासमोर नीला

नीला आधी ऐकू यायची, मग दिसायची. नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात तिच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत वर सरकल्याचा आवाज येई, मग खाली, पुन्हा वर. घराबाहेर पडण्याआधी ती स्वतःला जणू नीट बंद करून घेत असे. तिची चाल हलकी पण सावध होती, ओल्या फरशीवरून भरली कळशी नेणाऱ्या बाईसारखी. ऑक्टोबरातला इथला उजेड उन्हासारखा दिसतो आणि ऊब मात्र देत नाही. तिच्या चेहऱ्यावरचे हसूही त्या दिवसांत तसेच झाले होते.

ती तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही बाळे तिसरा महिना पुरा होण्याआधी गेली होती, म्हणून या खेपेस पुण्याला आईलाही कळवलेले नव्हते. नवरा श्रीकांत आणि वरच्या मजल्यावरची मी, एवढ्यांनाच ठाऊक होते. तिची भीती शब्दांत येत नसे. ती तळहातात राहत असे: कठड्यावर, टेबलावर, ट्रामच्या काचेवर तळहात सतत टेकवलेला, आणि बोटे किंचित ताणलेली.

तिचे मन रमावे म्हणून एका शनिवारी श्रीकांतने आम्हा दोघींना गाडीतून समुद्रकाठच्या झीलंड प्रांतात नेले. तिथल्या खाडीच्या तळाशी रोमन काळातले एक बंदर बुडालेले आहे. मच्छीमारांच्या जाळ्यांत त्या बंदराच्या देवीचे कोरीव दगड सापडले होते, आणि कोलाइन्सप्लाटच्या धक्क्यावर जुन्या घडणीचे तिचे छोटेसे देऊळ नुकतेच नव्याने उभे राहिले होते. तिकडे जाताना खाडीवरचा लांबच लांब पूल लागतो. दोन्हीकडे शिशासारखे पाणी होते आणि पुलाच्या प्रत्येक सांध्यावर चाकांखाली एक ठोका पडत होता. दर ठोक्याला नीलाचे खांदे आत ओढले जात.

"श्री, हळू घे ना."

"हळूच आहे गं. मागचा ट्रकवाला डचमधून माझा उद्धार करतोय."

ती हसली. काचेवरचा तळहात मात्र तिथेच राहिला.

देवी नेहालेनिया आसनावर बसलेली होती. खांद्यांवर आखूड शाल, पायाशी मान वर करून पाहणारा कुत्रा, मांडीवर फळांनी भरलेली टोपली, आणि चेहऱ्यावर समुद्र रोज पाहणाऱ्या माणसाची अलिप्त शांतता.

"ताई, हिची ओटी भरलीये," नीला म्हणाली.

श्रीकांत फलक वाचत होता. समुद्र ओलांडण्याआधी व्यापारी हिला साकडे घालत आणि सुखरूप पोचले की तिच्या नावाने एक दगड उभारत. "नवसच की," तो म्हणाला. "आधी काम, मग पेमेंट. आमच्या क्लायंटसारखंच."

"आणि जे पोचले नाहीत?" नीलाने विचारले.

"त्यांचा कुठला दगड," तो सहज बोलून गेला आणि मग त्याने नीलाकडे पाहिले. धक्क्यावरच्या बोटींचे दोर वाऱ्याने डोलकाठ्यांवर आपटत होते.

नीलाचे हात छातीपर्यंत आले, जुळता जुळता थांबले आणि खिशात गेले. आधीच्या दोन्ही वेळी तिने कुलदेवीला नवस बोलला होता. "मागितलं की जातं, ताई," ती हळूच म्हणाली. "या वेळी कुणाकडे काही मागायचं नाही."

निघण्याआधी ती धक्क्यावरच्या स्वच्छतागृहात जाऊन आली, तेव्हा तिचा चेहरा पाण्याच्या रंगाचा झाला होता. "डाग दिसतोय," एवढेच ती म्हणाली. श्रीकांतने तिथूनच तिची तपासणी करणाऱ्या सुईणीला फोन लावला. तिने शांतपणे सांगितले की घरी जा, पडून राहा, सोमवारी तपासू. जे होणार असेल ते आपल्याला थांबवता येत नाही. या देशाचे बोलणे असेच असते, सरळ आणि कोरडे. त्यात क्रूरता नव्हती, पण आधाराला धरायलाही काही नव्हते. परतीच्या पुलावर श्रीकांत न सांगता हळू चालवत होता. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगात मिसळले होते, समोरचा किनारा दिसत नव्हता, आणि नीलाचे डोळे मिटलेले होते. ती झोपलेली नव्हती. ठोका येण्याआधीच तिची मूठ वळत होती.

रविवारभर ती खिडकीकडे पाठ करून कुशीवर निजून होती. खोकतानाही अर्धेच खोकत होती.

सोमवारी सोनोग्राफीच्या पडद्यावर, काळोखात, एक कण लुकलुकताना दिसला. श्रीकांतने तोंडावर हात ठेवला. नीला रडली नाही, हसलीही नाही. पडद्यावरची नजर न काढता तिने विचारले, "उद्या पण असेल का?"

होता. उद्याही होता, परवाही. भीतीने एकेक दिवस तसाच उचलून पुढच्या दिवसाच्या हाती दिला आणि मे महिन्यात मुलगी झाली. बाळंतपणानंतर घरी येणारी डच परिचारिका बाळाला अंघोळ घालता घालता सहज विचारून गेली, "हे पहिलंच ना?" श्रीकांत "हो" म्हणायला निघाला होता.

"तिसरं," नीला म्हणाली, आणि टॉवेल पुढे केला.

ती मुलगी वाढते आहे. पण तिला शाळेतून आणायला गेलेल्या नीलाची नजर कधी कधी फाटकातून बाहेर पडणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांवर क्षणभर थांबते, तेव्हा वाटते की काळ फक्त असलेल्यांनाच मोठे करत नाही. जी आलीच नाहीत त्यांचेही वय कुणाच्या तरी आठवणीत दरवर्षी एकेकाने वाढत असते.