कॅमेऱ्यामागचा आवाज

दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामात कॅमेरे विकणाऱ्या परेशने दोन रिमोटवाले कॅमेरे टेबलावर मांडले, तेव्हा कॅमिलाचे हात शिवशिवत होते. इथल्या चर्चच्या सणाची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, वसईतल्या आईला थेट दिसायला हवी होती. वीस वर्षं सणाचं चित्रीकरण पप्पांनी केलं. ते एरवी गायकांत असत, पण सणाला कॅमेऱ्यामागे गप्प उभे राहत. मार्चमध्ये ते वारले. कॅमिलाला गाणं आणि चित्रीकरण दोन्ही करायचं होतं.

"हा माणसामागे आपोआप फिरतो, मॅडम," परेश म्हणाला. कॅमेरा लगेच शेजारून जाणाऱ्या चहावाल्याकडे वळला.

"हबीबी, दोस्ता, हा फादरना सोडून घंटेवाल्याच्या मागे जाईल!" तिचा भाऊ लॉयड हसला.

दुसऱ्या कॅमेऱ्यात जागा आधीच ठरवून ठेवता येत होत्या. एका बटणावर वेदी, दुसऱ्यावर गायक. कॅमिलाने कान लावला. मोटरचा जराही आवाज नव्हता.

रिमोट घेऊन ती गोदामाच्या टोकाला गेली, सणाचं गाणं मोकळ्या आवाजात गाऊ लागली आणि गाता गाताच बटण दाबलं. कॅमेरा अलगद वळला. पडद्यावर ती स्वतः होती, गात असलेली.

"हाच!" ती ओरडली. "लॉयड, ह्या वर्षी कॅमेरावालीपण गाणार!"