स्वखुशीने

नव्या साबणाच्या पाठीवर जुन्या साबणाची पातळ, करडी चकती चिकटवलेली होती आणि दोहोंच्या सांध्यात एक पांढरा केस अडकला होता — ताईचा असावा, किंवा बाबांचा. पण बाबांना जाऊन तीन महिने झाले होते... त्याने साबण न वापरताच तोंड धुतले. साडेसात. ओट्यावर चहा झाकून ठेवलेला, इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर, आणि आतल्या खोलीत ताई बाबांच्या रिकाम्या पलंगावरची चादर बदलत होती. अजूनही, दर दोन दिवसांनी. बारा वर्षे तिने त्या पलंगावरची घाण काढली. आणि आपण शहराच्या दुसऱ्या टोकाहून कागदपत्रांसाठी चार दिवस इथे मुक्कामाला काय आलो, तर साबणातल्या एका केसाची आपल्याला शिसारी येते.

आज एक वाजता वकिलांकडे ताई घरावरचा आपला हक्क सोडणार होती. घर तिघा भावंडांच्या नावावर. दादाला ते विकून दोघा भावांत निम्मे-निम्मे करायचे होते, आणि ताईने सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे राहावे असा तोडगाही त्याने काढला होता. हक्कसोडपत्राचा मसुदा मात्र या धाकट्या भावाने लिहिला होता — वकिलांची भाषा फार रुक्ष म्हणून. 'बंधुप्रेमापोटी व स्वखुशीने, कोणत्याही दडपणाविना.' लिहून झाल्यावर त्याने ते वाक्य दोनदा वाचले होते, आणि — कबूल करायलाच हवे — मला ते आवडले होते.

कॉलेजात नऊच्या तासाला खासगी मालकीच्या कल्पनेचा इतिहास. पंधरा वर्षे तो हेच शिकवत आला होता. आधी सगळे सगळ्यांचे होते असे मानणारे. मग देवाने ते राजाला दिले म्हणणारे. मग राबेल त्याचे म्हणणारे. आणि शेवटी, कोणाचे का असेना, एकदा ठरले की हलवू नका, नाहीतर माणसे एकमेकांच्या नरडीचा घोट घेतील, असे बजावणारे. उदाहरणही ठरलेले. ओसाड टेकडीवर एकाने कलम लावले, दुसऱ्याने दहा वर्षे पाणी घातले, तिसऱ्याने कुंपण घातले, फळे कोणाची? वर्ग दरवर्षी पाणी घालणाऱ्याच्या बाजूने असे, आणि इतिहास बहुधा कुंपणवाल्याच्या बाजूने असतो असे तो दरवर्षी हसून सांगे. आज मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण पाणी घालणाऱ्याला कोणी विचारलं का?" वर्ग हसला. तोही हसला, आणि हसता हसता त्याला आपल्याच दातांची किळस आली.

वकिलांच्या खोलीत दादा संत्रे सोलत बसला होता, बिया तळहातावर थुंकत. "या, प्राध्यापक. तुमचा मसुदा वाचून वकीलसाहेबांचे डोळे पाणावले," तो म्हणाला. चष्मा नाकावर ओढून ताई मसुदा ओळीओळीने वाचत होती. तिची ती वाचण्याची पद्धत तो ओळखत होता. त्याच्या एकुलत्या एका पुस्तकाची शब्दसूची ताईनेच केली होती — बाबांच्या उशाशी बसून, बुटांच्या खोक्यात अक्षरवार चिठ्ठ्या लावून — आणि ऋणनिर्देशात तिचा उल्लेख करायचा राहून गेला होता. राहून गेला... असे आपण म्हणतो.

"तुझ्या पुस्तकात 'कुंपण' एकेचाळीस ठिकाणी आहे," मान वर न करता ती म्हणाली. "'चादर' एकदाही नाही. सूची मीच केली, म्हणून माहीत." आवाजात रोष नव्हता, छपाईतली चूक दाखवावी तसे ती बोलली. "लिहितोस मात्र छान हो. कुठे करू सही?"

दादाने बोटानेच जागा दाखवली. नखाखाली संत्र्याची पिवळी साल अडकली होती. त्या बोटाकडे पाहताना त्याला शिसारी आली, पण ती दादाबद्दल नव्हती. दादाला घर हवे होते आणि तो तसे तोंडाने म्हणत होता. मलाही हवे होते, आणि मी त्याला तळटीपा जोडल्या.

एक दुरुस्ती राहिली आहे, असे सांगून त्याने ताईच्या हातातून कागद घेतला आणि तो शेजारच्या खोलीत टंकलेखकाकडे गेला. हक्क सोडणाऱ्याच्या जागी त्याने आपले नाव सांगितले. ज्याच्या लाभात सोडायचा तिथे फक्त ताईचे.

"बाकी मजकूर तोच ठेवू?"

"तोच."

यंत्रातून कागद निघेपर्यंत त्याला बायको आठवली. वाट्याच्या पैशातून घ्यायच्या नव्या जागेसाठी तिने पडद्यांचे कापडसुद्धा पसंत केले होते. तिला संध्याकाळी फोनवर सांगावे लागेल. त्याने सही केली, टंकलेखकाने आणि दाराशी बसलेल्या शिपायाने साक्षीदार म्हणून केली. नोंदणी झाली की तीन वाट्यांतले दोन ताईचे; आता घराचे काय करायचे ते आधी तिला विचारावे लागणार होते.

त्याने कागद वकिलांपुढे ठेवला आणि यावर ताईची सही लागणार नाही, एवढेच सांगून तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. दादाने कागद ओढून घेतला आणि मधल्या मजकुराच्या प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत तो वाचू लागला. वरची नावे बदललेली त्याला अजून दिसली नव्हती. ताईला दिसली होती. तिने पेनला टोपण घातले, ते पिशवीत ठेवले आणि पिशवीची चेन लावली.

आणि मग त्याच्या लक्षात आले की आपण वाट पाहत आहोत. तिचे डोळे भरून येण्याची, तिचा हात आपल्या हातावर पडण्याची, निदान आपले लहानपणीचे नाव तिच्या तोंडून निघण्याची. तिचेच होते ते तिला देऊन, वर आभारांची वाट पाहत बसलो आहोत. शिसारी पुन्हा आली. पण या वेळी बोट दाखवायला बाहेर काहीच नव्हते, ना केस, ना नख. त्याने ती परतवून लावली नाही. तिच्याकडे पाहायचे टाळून, ताठ बसून, तो वाट पाहणे थांबवण्याची खटपट करत राहिला.